चिंताकीला काय काम?

"जळो ही सडक. दोन कोसात दोनदा काटा. आन् वर दिसंल तो माणूस इचारायलाय, कुठं निघालाव, कुठं निघालाव! काय सांगावं माणसानं?"

हे गाऱ्हाणे श्रीपतराव आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला सांगत होते. चाक उताणे पडलेले होते, ते काही बोलले नाही. दाराआड ज्वारी निवडत बसलेल्या वच्छलाबाईंनी मात्र ते ऐकले, आणि सुपातला एक खडा जरा जास्तच जोराने बाहेर टाकला.

रस्ता ही वस्तू कुठेतरी पोचण्यासाठी केलेली असते, याबद्दल आपल्या मुलखात आजवर दुमत झालेले नाही. शेताला रस्ता असतो, बाजाराला असतो, कचेरीला असतो आणि मसणवट्यालाही असतो. ज्याला कुठेच पोचायचे नाही त्याचे रस्त्यावर काम नाही, आणि ज्याचे काम नाही त्याने रस्त्यावर दिसू नये. हा कायदा कोणत्याच सरकारने केलेला नाही, म्हणून तो सगळे पाळतात.

त्या कायद्याचा पहिला भंग भालकीत फसली तेराशे सेहेचाळीसच्या आजूर महिन्यात झाला. आजूर म्हणजे सरकारी सालाचा पहिला महिना, आपल्याकडे दसऱ्याची वाट बघण्याचे दिवस. त्या सुमारास भालकीला नवे मुन्सिफसाहेब आले. साहेब हैदराबादेचे होते आणि साहेबांचे मामेभाऊ विलायतेला जाऊन आले होते. एकदा चहाच्या वेळी साहेब म्हणाले, की विलायतेत या मोसमात शरीफ लोक सायकलीवर बसतात आणि खेड्यापाड्यांतून फिरून येतात.

"किस काम से, हुजूर?" एका बुजुर्गाने अदबीने विचारले.

"काम-वाम कुछ नहीं," साहेब म्हणाले. "बस, सैर."

साहेब पुढच्याच घोटाला ही गोष्ट विसरले. पण कचेरीत साहेबांचे बोलणे हुकूम समजायचे की गप्पा, हे ठरवण्याची मुभा खालच्या लोकांना नसते. म्हणून ते सुरक्षिततेसाठी सगळेच हुकूम समजतात. त्याच आठवड्यात भालकीत 'सैर मंडळी' स्थापन झाली.

भालकीत त्या वेळी चालत्या सायकली तीन होत्या (उभ्या पुष्कळ होत्या), त्यामुळे सभासद निवडताना वाद झाला नाही. पहिले श्रीपतराव, कचेरीत अहलकार, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या दरखास्ती नकलून काढणारे. दुसरे ईरण्णा, अडत दुकानाचे मालक, अंगाने असे की सायकल त्यांच्याखाली दिसत नसे, नुसती ऐकू येत असे. तिसरे अंबाजी मास्तर. मास्तरांनी मंडळीचे नियम केले आणि ऋतूचा अभ्यासही केला. विलायतेत या दिवसांत झाडांची पाने लाल होऊन गळतात, ती पाहायला लोक जातात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे पाने फाल्गुनात गळतात, आणि तेव्हा ऊन असे असते की बघायला गेलेला माणूसच आधी गळावा. ही उणीव लक्षात घेऊन मंडळीने कारळाची पिवळी रानं, तुरीचा फुलोरा आणि आंबाडीची लाल देठं यांवर भागवायचे ठरवले.

सुरुवात चांगली झाली. उताराला सायकली आपोआप पळाल्या. चढाला सभासदांनी त्या ढकलल्या. (हातात धरून नेलेली सायकल हीसुद्धा सायकलच, असा मास्तरांचा नियम होता.) वाटेत पहिला शेतकरी भेटला आणि त्याने विचारले, "कुठं निघालाव?"

"असंच," श्रीपतराव म्हणाले. "हवा खायला."

शेतकऱ्याने मान डोलावली. तो बैल सोडून, पाभर तशीच टाकून, गावात सांगायला पळाला.

पहिल्या पंधरवड्यातल्या 'असंच'चे परिणाम थोडक्यात असे. एका गावात, कचेरीचा माणूस आला म्हणजे नवी पैमाइश, जमिनीची मोजणी, येणार, असे ठरले. तेव्हा दोन भाऊबंदांनी एकमेकांना न कळता बांधावरचा एकच दगड आपापल्या फायद्याच्या बाजूला सरकवला, आणि तो होता तिथेच राहिला. दुसऱ्या गावात ईरण्णांना बघून लोकांनी तुरीची जुनी पोती तळघरात लपवली, कारण अडतवाला स्वतः रानात फिरतो तेव्हा भाव चढायचा असतो. लोकांनी माल दडवल्यामुळे तो खरोखरच चढला, आणि ईरण्णांचे नाव मोठे झाले. तिसऱ्या गावातून दोन मुलींचे बाप श्रीपतरावांची चौकशी करायला भालकीत येऊन गेले.

हे तिसरे वच्छलाबाईंना शेजारच्या चन्नव्वाने सांगितले. चन्नव्वा पिठाचे निमित्त काढून आली होती, पण वाटी आणायला विसरली होती.

"अक्का, कानावर आलंय ते खरं का?"

"काय आलंय?"

"तुमचे मालक पोरगी बघायलेत म्हनं. सायकलीवर."

"सायकलीवर हिंडणाऱ्याला कोण पोरगी देईल, चन्नव्वा? माझ्या बापानं बैलगाडी बघून दिली, तरी आई महिनाभर बोलली न्हाई त्याच्याशी."

"मग कामून जायलेत रोज?"

"हवा खायला."

 चन्नव्वाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगा," ती म्हणाली.

वच्छलाबाई रडत नव्हत्या. पण पोट कधी पिकले नाही अशा बाईच्या नवऱ्याबद्दल गाव काय बोलत असेल हे त्यांना माहीत होते, आणि गावालाही ते त्यांना माहीत आहे हे माहीत होते, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नसे. संध्याकाळी त्या नुसत्या श्रीपतरावांचे धोतर मांडीवर घेऊन त्यातली कुसळं काढायच्या. धोतराच्या काठाला कारळाची पिवळी पूड असायची. आणि परसात हातपाय धुताना श्रीपतराव काहीतरी गुणगुणायचे. इतक्या वर्षांत त्यांनी कचेरीतून येऊन कधी गुणगुणले नव्हते. पोरगी बघून आलेला माणूस असा गुणगुणत नाही, एवढे त्यांना कळत होते. हा माणूस सुखी झाला होता, आणि ते लपवताना त्याची तारांबळ उडत होती.

तर, 'असंच' परवडत नाही हे पाहून मंडळीची बैठक झाली आणि एकमताने ठरले, की यापुढे प्रत्येक सैरीला काम असेल. काम नसल्यास निघण्यापूर्वी तयार करण्यात येईल.

हा नियम म्हणजे मंडळीच्या इतिहासातला सुवर्णकाळ म्हटला पाहिजे. ईरण्णा पेंडीचे भाव विचारायला निघू लागले. मास्तर शाळेत न येणाऱ्या पोरांना शोधायला निघू लागले. पोरे शाळेमागेच गोट्या खेळत असत, पण मास्तर त्यांना मांजरा नदीपर्यंत शोधत. रस्त्यात कुणी विचारले की सगळे तत्परतेने काम सांगत. गावे निश्चिंत झाली. बांधावरचे दगड स्थिरावले.

पण काम ही वस्तू अशी आहे, की तुम्ही करता म्हटल्यावर लोक ती आणून देतात. सायकलवाले रोज कुठेतरी जातात हे कळताच भालकीतली माणसे त्यांच्याकडे सांगावे देऊ लागली. सांगावा म्हणजे तोंडी निरोप. आता निरोप दोन प्रकारचे असतात, जे थांबू शकतात आणि जे थांबू शकत नाहीत. लग्न थांबते, बारसे थांबते, भांडण तर पिढ्यान् पिढ्या थांबते. मयत थांबत नाही. त्यामुळे सायकलीच्या वाट्याला हळूहळू मयतीचेच सांगावे आले, आणि हवा खायला निघालेली मंडळी बघता बघता त्या पंचक्रोशीतले यमाचे दूत होऊन बसली.

त्यांनी ते काम उत्तम केले. मास्तरांनी गंभीर चेहऱ्याचा सराव घेतला. ईरण्णांनी दारात उभे राहून "शिवा, शिवा" म्हणण्याची एक पद्धत बसवली, ती ऐकून परक्यालाही हुंदका येई. एकच गैरसोय होती. मयतीचा सांगावा आणणारा घरात शिरत नाही आणि त्याला कुणी पाणी विचारत नाही, त्यामुळे सभासद तहानेने व्याकूळ होऊन परतत.

आकडेवारी बघू जाता, दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत सैर मंडळीने खरोखरच्या मयती चार कळवल्या. रडणे मात्र एकवीस गावांत झाले. कारण गावाच्या शिवेवर सायकलची घंटी वाजली की बायका वाट बघत नसत. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा घंटी ऐकताच भाकरी तव्यावरून उतरायची, चुलीतली लाकडं बाहेर ओढली जायची, आणि मग दारात येऊन विचारणा व्हायची, "कोन गेलं?" कुणीच गेले नाही, आम्ही पुढच्या गावाला चाललोय, असे कळले की बायकांना चूल पुन्हा पेटवावी लागे आणि त्यांचा रागराग होई. एका म्हाताऱ्याने तर घंटी ऐकून अंथरुणातूनच आवाज दिला, "माझा सांगावा आला का रं?" त्याला नाही म्हणून सांगितल्यावर तो नाराज झाला.

(वाचकांनी हसण्याआधी एवढे आठवावे, की बिगर निरोपाचा पाहुणा दारात दिसला तर त्यांच्या स्वतःच्या तोंडून 'या' आधी येते की 'काय झालं?')

इकडे मंडळीला मांजरेपलीकडे जायचे वेध लागले. पलीकडे तरवडाची पिवळी फुले रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फुललीत, असे मास्तर सांगत. त्या रस्त्याला चिंताकी होते. पण चिंताकीत त्या वेळी कुणी मेले नव्हते, मरणार नव्हते, आणि भालकीतही चिंताकीचे कुणी मरायच्या बेतात नव्हते. कामच नव्हते.

चिंताकी हे वच्छलाबाईंचे माहेर. तिथे त्यांची आई नागूबाई एकटी राहत होती.

लेकीने माहेरी जाण्याची मान्य कारणे आपल्याकडे ठरलेली आहेत. लग्नकार्य, बाळंतपण, आजारपण, पण पोटदुखी वगैरे नव्हे, अंथरूण धरलेले, आणि मयत. सणाला जायचे तर माहेराहून मुराळी न्यायला यावा लागतो, आणि मुराळी भाऊ असतो. वच्छलाबाईंचा भाऊ तापाने गेला, त्याला कितीतरी दिवाळ्या झाल्या होत्या. नवऱ्याने आपण होऊन बायकोला माहेरी पोचवावे, तर टाकून आल्यासारखे दिसते. बरे, आईने लेकीकडे यावे, तर नातवंडाचे तोंड बघितल्याशिवाय आई लेकीच्या दारचे पाणी पीत नाही. अशा रीतीने सगळीकडून बंदोबस्त पक्का होता. नागूबाई आजारी पडल्या असत्या तर मार्ग निघाला असता, पण त्यांची तब्येत ठणठणीत होती. हीच मुख्य अडचण होती.

आई बरी आहे तोवर तिला एकदा बघावे, एवढेच वच्छलाबाईंना हवे होते. आई गेल्यावर जायला मिळणारच होते. तेव्हा तर गाडी, बैल, नवरा, कचेरीची रजा, सगळे आपोआप मिळाले असते.

जेवताना श्रीपतराव म्हणाले, "चिंताकीच्या रस्त्याला तरवड फुललाय म्हणं."

"मला काय सांगायलाव? लहानपणी तेच डोक्यात घालून हिंडले मी."

"जावं म्हणतोय. पण काम न्हाई तिथं."

वच्छलाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "मी देते काम."

"काय?"

"आईला सांगा, वच्छी खुशाल हाय."

श्रीपतरावांचा घास हातातच राहिला. "आन् पुढं?"

"पुढं काई न्हाई. खुशाल हाय. एवढंच."

ही सूचना मंडळीपुढे आली तेव्हा तिच्यावर चर्चा झाली. सगळे बरे आहे हे सांगण्यासाठी माणसाने नदी ओलांडल्याचे उदाहरण मास्तरांना सापडेना. पण ईरण्णा म्हणाले, "काम ते काम, मास्तर. ओझं कमी असलं म्हनून गाडी काय जात न्हाई का?" आणि सांगावा मंजूर झाला. मास्तरांना शाळा होती. श्रीपतराव आणि ईरण्णा निघाले. वच्छलाबाईंनी श्रीपतरावांजवळ करंज्यांचा एक डबा दिला. निघताना त्या काहीतरी अजून सांगणार होत्या. पण खुशाली सांगायला निघालेल्या माणसापुढे डोळ्यांत पाणी आणणे बरे दिसत नाही, म्हणून आत गेल्या.

पुढचे त्यांना नंतर ईरण्णांकडून तुकड्या-तुकड्याने कळले.

मांजरेच्या उतारावर पाण्यातून जाताना दोघांनी सायकली डोक्यावर घेतल्या. तरवड खरोखरच फुललेला होता. ईरण्णांनी दोन फुले कानात खोवली आणि गाव जवळ आल्यावर काढून टाकली. मग शिवेवर कुत्रे आडवे आले म्हणून श्रीपतरावांनी घंटी वाजवली.

चिंताकीतल्या चुली एकामागोमाग एक विझल्या. नागूबाई दारात आल्या. समोर सायकल, सायकलीवर भालकीचा जावई, आणि जावयाच्या चेहऱ्यावर मास्तरांनी बसवलेला, आता काढू म्हटले तरी न निघणारा गंभीरपणा.

"वच्छला..." श्रीपतराव म्हणाले.

पुढचे शब्द कुणीच ऐकले नाहीत. नागूबाई उंबऱ्यावर बसल्या ते कोसळल्यासारख्याच. गल्ली जमली. रडणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून बोलणे हा आपल्याकडे अडाणीपणा समजतात, म्हणून श्रीपतराव थोडे थांबले. थोडे जास्त थांबले. मग ओरडले, "आवं, ती हाय! जित्ती हाय!"

नागूबाईंचे चुलत दीर अंकुशराव गावातले कर्ते. त्यांनी श्रीपतरावांना मिठीत घेतले. "व्हय जावईबापू, हाय, हाय. आपल्या सगळ्यांच्या मनात हाय ती."

"मनात न्हाई! घरात हाय!"

"तिकडंच असंल जीव घुटमळत," एक म्हातारी म्हणाली, आणि नव्याने रडू लागली.

"खुशाल हाय हो!" ईरण्णा ओरडले.

"खुशालच म्हणायची, अण्णा. सवाष्ण गेली," अंकुशराव म्हणाले. "जावयाला धक्का बसलाय. सावलीत घ्या त्येन्ला."

गाड्या जुंपल्या गेल्या. श्रीपतरावांना पहिल्या गाडीत निजवले आणि उठू नये म्हणून दोघेजण त्यांच्या पायांवर बसले. सायकली मागच्या गाडीला बांधल्या. जो जो श्रीपतराव ती जिवंत असल्याचे सांगत तो तो बायका पदर तोंडाला लावत आणि म्हणत, असा नवरा मिळायला पुण्याई लागते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तरी श्रीपतराव परतले नव्हते. वच्छलाबाई चुलीवर वरण ठेवून दारात येत होत्या, आत जात होत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रडणे ऐकू आले. पहिल्या गाडीत पांघरूण घातलेला, आडवा माणूस होता. मागच्या गाडीला सायकली बांधल्या होत्या. सगळे चेहरे चिंताकीचे होते.

त्यांना काही विचारावे लागले नाही. सायकल दिसली, की बायकांना जे कळायचे ते त्यांना कळले. नवरा की आई, एवढेच कळत नव्हते. त्या आत गेल्या, वरण उतरवले आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

वळून बघतात तर दारात आई.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. क्षणभरापूर्वी त्या एकमेकींसाठी मेलेल्या होत्या. नागूबाईंनी हात पुढे करून लेकीचा दंड चाचपला, मग गाल, मग केस.

"वाळलीस की गं," त्या म्हणाल्या.

अंगणात गाडीवरून श्रीपतरावांचा आवाज आला, "मी कालधरनं काय सांगायलोय!" आणि त्यांच्या पायांवरचे दोघे ओशाळून उठले.

आता खरा पेच पडला. मयत नव्हती, मग एवढे गाव गाड्या जुंपून आले ते कशाला? समोर भालकी गोळा झाली होती. चन्नव्वा सगळ्यांच्या पुढे होती. अंकुशरावांनी फेटा सारखा केला आणि घसा साफ केला. "मला कचेरीत काम होतं म्हणा. दरखास्त द्यायची राहिलीच होती." एकाला ईरण्णांकडे तुरीचा भाव विचारायचा होता, एकाला बैलांच्या खुरांना पत्री मारायची होती, तीन बायकांना दिवाळीचा बाजार करायचा होता. रडून सुजलेल्या डोळ्यांनी प्रत्येकाने घाईघाईने आपापले काम शोधले आणि ते धरून जो तो उभा राहिला. नागूबाईंपाशी तेवढे काही नव्हते.

"वयनी," अंकुशराव हळूच म्हणाले, "तुमचं काय काम सांगायचं?"

 नागूबाई लेकीच्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "वच्छे, पानी दे. लांबनं आलेय."

 वच्छलाबाईंनी तांब्या भरून आणला.  नागूबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत, नातवंड नसलेल्या लेकीच्या दारचे पाणी घटाघटा पिऊन रिकामा केला. पदराने तोंड पुसले.

"काई काम न्हाई," त्या म्हणाल्या. "असंच आले. लेकीला बघू वाटलं."

 गाडीवर बसलेले श्रीपतराव आपल्या धोतराच्या काठाला लागलेल्या पिवळ्या पुडीकडे बघत होते. नागूबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितले.

"टकामका काय बघायलाव सगळे? तुमाला कुनालाच वाटत न्हाई व्हय, कुनाला तरी बघू?"